आधी खोगीर, मग घोडा

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टेलरबाई भावाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुडघे टेकून बसल्या होत्या आणि मोटरसायकलच्या टाकीखाली पेट्रोलची नळी बसवत होत्या. तोंडात दोन टाचण्या होत्या. टाचण्यांचं तिथे काहीही काम नव्हतं. पण हातात बारीक काम आलं की तोंडात टाचण्या जाणार, ही त्यांची जन्माची सवय.

दादा चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. हा त्यांचा थोरला भाऊ. त्याच्यामागे अंगणात खोक्यांवर खोकी रचलेली होती, गुंडाळलेल्या गाद्या होत्या आणि उलट्या टेबलाचे चार पाय आभाळाकडे होते. भाड्याचं घर आज सोडायचं होतं.

"ठके, नऊ वाजता भंगारवाला येणार आहे."

"माहीत आहे," टाचण्यांमधून उत्तर आलं.

"नऊ म्हणजे नऊ."

"अरे हो. चहा तिथे ठेव आणि जा. उजेड अडवतोयस."

टेलरबाईंचं वय पन्नाशीच्या अलीकडे. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं एका शटरचं दुकान आहे. ब्लाउज, शर्ट, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, आणि ऐनवेळी फाटलेल्या पँटी असं जे येईल ते शिवतात. ठकी हे नाव फक्त दादा वापरतो. बाकी सगळ्या बाजाराला त्या टेलरबाई म्हणूनच ठाऊक.

मोटरसायकल वडिलांची. ते शिंप्यांना दोरे, बटणं, चेन आणि अस्तराचं कापड पुरवत. सीटच्या मागे लोखंडी कॅरियर, त्यावर पत्र्याची पेटी, आणि गावोगावच्या शिंप्यांकडे फेरी. घरात कामाची वाटणी ठरलेली होती: चालवायला शिकायचं दादानं आणि पुसायचं ठकीनं. दादा शिकला, पहिल्याच महिन्यात कुंपणात घुसला, कोपर मोडून घेतलं आणि पुन्हा हँडलला हात लावला नाही. ठकी पुसत राहिली. वडील गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, टाकी गंजली, सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्या वाढवल्या.

नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे शेड नाही. आठ महिन्यांपूर्वी घर सोडायचं पक्कं झालं, तेव्हा दादा म्हणाला, गाडी भंगारात देऊ. टेलरबाई म्हणाल्या, मला दे. दादा नाही म्हणाला, आणि त्याच्या नाही म्हणण्यात तथ्य होतं.

"तुझ्या दुकानात बाबांचं घड्याळ आहे. चालतं?"

"चालेल."

"बाबांचा रेडिओ आहे. बोलतो? बाबांचा पंखा आहे. फिरतो? तीन मढी आधीच ठेवलीयस तिथे, त्यात हे चौथं. गिऱ्हाईक कुठे उभं राहणार, मढ्यांच्या मांडीवर?"

"गाडी मी चालू करून नेईन."

"कोण चालू करेल?"

"मी."

दादा इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग तिथल्या तिथे करार झाला. घर सोडायच्या दिवशी गाडी शेडमधून दुकानापर्यंत स्वतःच्या इंजिनावर गेली तर ती ठकीची. ढकलत, ओढत, टेम्पोत घालून न्यायची नाही. नाही गेली तर भंगारवाल्याची. साक्षीदार वहिनी. ती म्हणाली, "वन्सं, मला तुमची काळजी नाही. ह्यांच्या हसण्याची वाटते. असं हसले की यांचं पुढे नेहमी वाईट होतं."

त्या आठवड्यात टेलरबाईंनी कामाला सुरुवात केली, ती सीटपासून. उसवलेलं जुनं कव्हर सपाट करून त्याच्यावरून माप घेतलं, काळं रेक्झिन आणलं, आत नवा फोम घातला आणि कडेला पांढरी पायपिंग काढून असं कव्हर शिवलं की शोरूममधल्या गाडीनं मान खाली घालावी. सीट एकट्याची होती, जशी वडिलांच्या वेळी होती. ती काखेत धरून त्या गॅरेजवाल्या मामांकडे गेल्या.

मामांचं गॅरेज दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. दिवसभर स्टुलावर बसून येणाऱ्या स्कूटरी दुरुस्त करतात आणि मालकांना बोल लावतात. त्यांनी सीट उलटीपालटी केली, शिलाईवरून बोट फिरवलं.

"सुरेख आहे. इंजिन कसं आहे?"

"जाम आहे. किक हलतच नाही."

"म्हणजे घोडा मेलेला आणि तुम्ही खोगीर शिवून आणलंत."

टेलरबाईंना राग आला, पण हसूही आलं. हसू आधी बाहेर पडलं, म्हणून पुढचं सगळं जमलं. मामांनी शिकवायचं कबूल केलं, पण एका अटीवर.

"मी हात लावणार नाही. फक्त जीभ लावीन. माझे हात लागले तर गाडी माझी होईल. चालेल?"

ही अट त्यांनी आठ महिने पाळली. रविवारी शेडमध्ये येऊन खुर्चीत बसायचे आणि हात मांडीखाली घालायचे, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. "उलटं फिरवताय. अहो उलटं! घड्याळ कसं फिरतं? तुमच्याकडचं बंद आहे, मग दुसऱ्याचं आठवा." असं चालायचं.

जाम इंजिनात प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. टेलरबाई रोज दुकान उघडण्याआधी शेडमध्ये जाऊन किकवर पाय ठेवून बघायच्या. एका सकाळी किक बोटभर खाली गेली. त्या तशाच पळत गॅरेजवर गेल्या. मामा दात घासत होते.

"हलली!"

मामांनी चूळ भरली. "किती?"

टेलरबाईंनी बोटं दाखवली. मामांनी शांतपणे पुन्हा ब्रश तोंडात घातला, पण त्या दिवशी गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ती बातमी सांगितली.

इंजिन उघडलं तेव्हा टेलरबाईंची स्वतःची पद्धत पुढे आली. निघेल तो नट, बोल्ट, वायसर त्या कापडाच्या चिंधीत बांधायच्या आणि चिंधीवर खडूनं लिहायच्या. इंजिनासाठी लाल चिंध्या, चाकांसाठी निळ्या, विजेच्या तारांसाठी फुलाफुलांच्या. शेडमध्ये दोऱ्या बांधून त्यावर सगळं ओळीनं टांगलेलं. दादा म्हणायचा, बारशाची तयारी दिसते. पण जोडताना एकही नट उरला नाही, आणि ही गोष्ट मामांच्या गॅरेजमध्येही दर वेळी घडते असं नाही.

दुसरी पद्धत कच्च्या टाक्याची. शिंपी कापड एकदम पक्कं शिवत नाही. आधी लांब लांब टाके घालून अंगावर चढवून बघतो, मग मशिनीखाली घालतो. टेलरबाईंनी सगळी गाडी तशीच जोडली. प्रत्येक बोल्ट हातानं फिरेल तितकाच, मग सगळं सरळ आहे का ते बघायचं आणि मगच पान्हा लावायचा. मामांना हे आवडलं. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या एका गिऱ्हाइकाला "आधी कच्चा टाका घालतो" म्हणताना ते पकडले गेले.

टाकीत मूठभर जुने नट आणि व्हिनेगर घालून ती हलवायची होती, गंज निघेपर्यंत. टेलरबाईंनी ती चादरीत बांधून दोरीच्या झोपाळ्यावर ठेवली आणि येताजाता झोका देत राहिल्या. हे बघून वहिनीनं विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?"

चालवायला शिकणं सगळ्यात कठीण गेलं. मामांच्या ओळखीच्या एकाकडे त्याच काळातली, तशीच मोटरसायकल होती. तिच्यावर मैदानात सराव. या जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. शिवणयंत्राला मोटर लावल्यापासून टेलरबाईंच्या उजव्या पायाला एकच धडा माहीत: दाबलं की पळतं, उचललं की थांबतं. पहिल्याच फेरीत समोर झुडूप आलं आणि त्यांनी थांबण्यासाठी पाय उचलला. गाडी पळतच राहिली. त्यांनी दुसराही पाय उचलला. दोन्ही पाय हवेत, डोळे मोठे, अशा त्या झुडपात शिरल्या. मामा लांबून ओरडत होते, "ती मशीन नाही! ती मशीन नाही!" झुडपातून आवाज आला, "कळलं!" गाडीला ओरखडा नव्हता. टेलरबाईंना होते, पण त्यांनी त्याच दिवशी आणखी सात फेऱ्या मारल्या. लायसन्स त्यांनी दुसऱ्या खेपेला मिळवलं.

राहता राहिला कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला मिळते तो डबा. त्याच्या आत जेट असतो. पितळेचा, शेंगदाण्याएवढा, मधून केसासारखं भोक. त्या भोकातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढंच इंजिनाला मिळणार. वर्षानुवर्षांचं पेट्रोल सुकून ते भोक बुजलं होतं. मामांनी सांगितलं, साफ करा, उजेडाकडे धरलं की पलीकडचं दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी टेलरबाईंनी सांगितलं, दिसतं. कसं साफ केलं, हे मामांनी विचारलं नाही. त्यांच्यासमोर तेव्हा एक स्कूटरवाला भांडत उभा होता.

प्लगला ठिणगी पडायला लागली ती शेवटच्या गुरुवारी. शुक्रवार आणि शनिवार शाळेच्या नाटकाचे पोशाख शिवण्यात गेले. ते टाळता येत नव्हते. म्हणून गाडी पहिल्यांदा सुरू करून बघायचा दिवस आणि शेवटचा दिवस एकच निघाला.

सात वाजता मामा स्कूटरवरून आले. खुर्ची टेम्पोत चढवायच्या सामानात गेली होती, म्हणून ते एका खोक्यावर बसले. हात मांडीखाली.

"पेट्रोल सोडा. किक हळू दाबा. अडली? आता एक श्वास. आता मारा."

पहिल्या किकेला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्याला काही नाही. चौथ्या किकेला सायलेन्सरमधून एक ठसका निघाला आणि पत्र्याचं शेड दणाणलं. इंजिन सुरू झालं होतं. धड्-धड्-धड्, जुन्या एका सिलिंडरचा तो जाडा आवाज, पायाखालची जमीन हलवणारा. वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आली. दादा खोकं टाकून आला. टेलरबाई काहीतरी ओरडत होत्या, पण फक्त तोंड हलताना दिसत होतं.

मग धूर आला. काळा, दाट, डोळ्यांत झोंबणारा. आवाज अडखळला, दोनदा उचकी लागली आणि बंद पडला.

धुरातून दादा म्हणाला, "छान होतं. संपलं का?"

प्लग काढला. काजळीनं काळाकुट्ट. पुसून पुन्हा बसवला, पुन्हा किक, पुन्हा तोच आवाज, तोच धूर आणि बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"पेट्रोल जास्त जातंय," मामा म्हणाले. "चोक बंद आहे? हवेची जाळी मोकळी आहे? मग जाईल कुठून?" त्यांनी क्षणभर विचार केला. "टेलरबाई, जेट कशानं साफ केलात?"

"सुईनं."

"कसल्या सुईनं?"

"मशीनच्या. बारीकच होती. घातली आणि..." त्यांनी बोटांनी दाखवलं. काजासाठी भोक पाडलं की शिंपी सुई आत घालून गोल फिरवतो, कडेचे धागे नीट बसावेत म्हणून. त्यांचा हात हवेत तसाच फिरला.

मामांनी मांडीखालचे दोन्ही हात काढले आणि कपाळाला लावले.

"अहो, ते पितळ आहे, पॉपलीन नाही! भोक मोठं केलंत तुम्ही. नळ उघडावा तसं पेट्रोल पडतंय आत. केसानं करायचं, नाहीतर फुंकून!"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"सुई घालू नका हे सांगायचं असतं का कुणाला?"

"शिंप्याला सांगायचं असतं!"

मग मामांनी मान हलवली. हे त्यांना पटलं होतं.

फाटकापाशी हातगाडीचा आवाज झाला. भंगारवाला आला होता. नऊला अजून पुष्कळ वेळ होता. दादानं ते बोलून दाखवलं, हेही नमूद केलं पाहिजे.

"नवीन जेट?" टेलरबाईंनी विचारलं.

"लेथवाला पितळ कातून देईल. उद्या. आज रविवार, त्याचं कुलूप आहे."

टेलरबाई जेट काढून हातात घेऊन उभ्या राहिल्या. उजेडाकडे धरला. पलीकडचं फारच छान दिसत होतं.

"मामा, काज सैल झालं तर आम्ही शर्ट टाकून देत नाही."

"मग?"

"काजाच्या कोपऱ्यात एक टाका घालतो. भोक लहान होतं, बटण बसतं. यात घातला तर?"

"दोरा पेट्रोलमध्ये..." मामा थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "तार! तांब्याची! आमचे उस्ताद रस्त्यात अडकले की करायचे. एक तार आत ओवायची, दोन्हीकडून वाकवायची. चाळीस वर्षांत मला आठवलं नाही बघा."

आता धावपळ उडाली. बांधलेली खोकी फोडून वहिनीनं टेबललॅम्प बाहेर काढला. दादा म्हणाला, "अगं तो चालू आहे!" तोवर वहिनीनं वायर कापली होती. आत केसासारख्या तांब्याच्या तारा, पिळलेल्या. टेलरबाईंनी एक सुटी केली, टोक जिभेवर ओलं केलं, डोळा बारीक केला आणि पहिल्याच झटक्यात जेटमध्ये ओवली. मामा खोक्यावरून उठून उभे होते. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

जेट बसवला. किक. आवाज आला, टिकला, धूर राखाडी झाला, मग पुन्हा उचकी.

"अजून एक!"

दुसरी तार. भंगारवाला हातगाडी सोडून शेडच्या दारात आला होता. त्यानं विचारलं, "मला मिळायची ती हीच ना?" तिसऱ्या मिनिटाला जेट जागेवर होता. टेलरबाईंनी किक हळू दाबली, अडली तिथे थांबल्या, एक श्वास घेतला आणि मारली.

धड्-धड्-धड्. सगळे सायलेन्सरकडे बघत होते. निळसर पातळ धूर, मग तोही नाही. अर्धं मिनिट. एक मिनिट. आवाज तसाच. टेलरबाईंनी मूठ फिरवली, आवाज चढला. सोडली, खाली आला. तोंडातल्या टाचण्या कधी पडल्या ते कळलं नाही. नंतर झाडताना सापडल्या.

"चला!" मामा ओरडले. "गरम आहे तोवर चला!"

फाटक वहिनीनं उघडलं. भंगारवाल्यानं आपणहून हातगाडी बाजूला घेतली. टेलरबाईंनी क्लच दाबला, उजव्या पायानं गिअर टाकला, आणि गाडी शेडमधून, खोक्यांच्या गल्लीतून, उलट्या टेबलाला घासून फाटकाबाहेर पडली. मागून मामा स्कूटरवर निघाले. दादा पळत जाऊन त्यांच्या मागे बसला. "मी पंच आहे!"

रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. पेपरवाल्यानं वळून बघितलं. न्हाव्यानं साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून दारात येऊन बघितलं. टेलरबाई कोणाकडेही बघत नव्हत्या. पाठ ताठ, कोपरं बाहेर, तोंड उघडं.

बाजाराच्या वळणावर समोरून दूधवाल्याची गाडी आली. उजवा पाय उचलायला निघाला. त्यांनी त्याला अडवलं, डावा पाय दाबला, ब्रेक लागला. पण क्लच दाबायचा राहिला. गाडीनं एक धक्का दिला आणि बंद पडली.

"झालं!" स्कूटरवरून दादा ओरडला. "बंद पडली! स्वतःच्या इंजिनावर ठरलं होतं!"

"ढकलली का त्यांनी?" मामांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग इंजिन तिचंच आहे. विश्रांती घेतंय. गप्प बसा."

टेलरबाईंनी मागे बघितलं नाही. किक हळू दाबली. अडली. एक श्वास. मारली. एका किकेत सुरू. दूधवाला कारण नसताना टाळ्या वाजवू लागला.

दुकानासमोर त्यांनी गाडी नीट थांबवली, दोन्ही पायांची बरोबर कामं करून. उतरल्या तेव्हा हसू आवरत नव्हतं. दादा स्कूटरवरून उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली. सीटच्या पांढऱ्या पायपिंगवरून बोट फिरवलं.

"एकाचीच सीट केलीस."

"बाबांची एकाचीच होती."

"पुढच्या वेळी दोघांची शिव." मग त्याला आठवलं, "आणि माझा लॅम्प?"

"आणून दे. शिवून देते."

मामांनी पहिल्यांदा गाडीला हात लावला. टाकीवर एक थाप, बस्स. "दोन तारांवर गावातल्या गावात चालेल. बाहेरगावी नेऊ नका. उद्या जेट करून घ्या."

लेथवाला नऊला उघडतो आणि बारीक भोकाच्या कामाला त्याला तासभर लागतो, मग जेट बसवायचा. टेलरबाईंनी पर्समधून खडू काढला आणि शटरवर लिहिलं: सोमवारी दुकान दहाऐवजी अकराला उघडेल.